मान, सुया आणि पप्पांच्या शर्टाची बटणं

तुम्ही हा भाग बसमध्ये किंवा कॅबमध्ये ऐकत असाल आणि सोबत रील्सही चालू असतील, तर एक काम करा. मान वर करा. समोर बघा. हां, आता ऐका.

आजचा विषय बऱ्याच जणांनी मेसेजमध्ये विचारला होता. मान दुखते, कुणीतरी अ‍ॅक्युपंक्चर कर म्हणून सांगितलंय, करू का? मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी बीटेक केलेली, दिवसाचे नऊ-दहा तास कोड लिहिणारी मुलगी आहे. पण या विषयात मी स्वतः सुया टोचून घेतल्यात, त्यावरचे अभ्यास वाचलेत आणि त्यात एक चूक करता करता राहिलेय. ती चूक माझ्या मानेची नव्हती, माझ्या पप्पांच्या मानेची होती. तिच्याबद्दल शेवटी बोलते.

माझी सुरुवात तुमच्यापैकी अनेकांसारखीच. मार्च २०२०. लॉकडाऊन लागला, मी पुण्यातली रूम सोडून सोलापूरला घरी गेले. कंपनीने लॅपटॉप दिला होता, टेबल-खुर्ची कुठून देणार! मग दिवाणावर मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून काम. दीड वर्ष. आधी फक्त संध्याकाळी मान अवघडायची. मग सकाळी उठतानाच धरलेली असायची. मग उजव्या खांद्याच्या वर, जिथे बॅगेचा पट्टा येतो ना, तिथे एक गाठ असल्यासारखं कायमचं झालं. आजीने तीळतेल गरम करून चोळलं, आईने शेक दिला, बाम तर इतका लावला की मीटिंगमध्ये वास जात नाही हे नशीब.

आपलं डोकं साधारण ५ किलोचं असतं. २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या एका स्पाइन सर्जनने गणित मांडलं होतं की मान ६० अंश पुढे झुकवली तर मणक्यावर जवळपास २७ किलोइतका भार येतो. तो फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिला असेलच. आता ते कॉम्प्युटर मॉडेल होतं, कुणाच्या मानेत काटा लावून वजन केलेलं नाही. आणि फोन बघणाऱ्या प्रत्येकाची मान दुखतेच असंही नाही. पण एकाच अवस्थेत तासन् तास बसलं की स्नायू तक्रार करतात, एवढं मला कुणी पटवून द्यायची गरज उरली नव्हती.

पुण्याला परत आले तेव्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, हातात ताकद नीट आहे, बधिरपणा नाही, एमआरआयची गरज नाही म्हणाले. गोळ्या पाच दिवस, फिजिओथेरपी आणि 'बसायची पद्धत सुधारा.' गोळ्या संपल्या की दुखणं परत. फिजिओचे व्यायाम? खरं सांगू का, आठ दिवस केले. डेडलाइन आली, सुटले.

मग एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुयांकडे वळले. पहिलं ठिकाण अगदीच फसलं. ऑफिसजवळच होतं, गार एसी, बासरीचं संगीत. आत जाताच दहा सिटिंगचं पॅकेज पुढे आलं, पैसे आधी. मला कुठे दुखतं हे विचारायच्या आधी! वर 'गोळ्या बंद करून टाका, सगळं रसायन आहे' असा सल्ला. मी नोंदणी क्रमांक विचारला, तर भिंतीवरच्या एका चिनी चित्राकडे बोट दाखवलं. मी चप्पल घालून बाहेर.

हा प्रश्न तुम्हीही विचारा बरं का. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा वेगळा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. २०१९ साली केंद्र सरकारनेही या पद्धतीला मान्यता दिली. त्यामुळे 'नोंदणी दाखवा' म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. आपण कॅबमध्ये बसताना नंबर प्लेट तपासतो, इथे तर मानेत सुई जाणार असते.

दुसऱ्या ठिकाणी ज्या मॅडम भेटल्या, त्या आधी डॉक्टर, मग अ‍ॅक्युपंक्चर शिकलेल्या. जुनी बिल्डिंग, लिफ्ट बंद, संगीत वगैरे नाही. अर्धा तास नुसतं विचारत होत्या. झोप कशी, उशी कशी, हातात मुंग्या येतात का, चालताना तोल जातो का, ताप, वजन कमी होणं, पडणं-झडणं. मग मान सगळ्या बाजूंना फिरवून बघितली. 'सहा-आठ वेळा करून बघू. चौथ्या वेळेपर्यंत काहीच फरक नाही वाटला तर मीच थांबवीन,' म्हणाल्या. फी प्रत्येक वेळेची त्या त्या वेळी.

सुई कशी असते हे सांगायलाच हवं, कारण सगळ्यांची भीती तिथेच असते. इंजेक्शनची सुई आतून पोकळ असते, औषध जायला. ही भरीव असते आणि जाडी साधारण पाव मिलिमीटर. एका छोट्या नळीतून येते, वरून टिचकी मारली की आत. टोचल्याचं बहुतेक वेळा कळतही नाही. कळतं ते नंतर. सुई स्नायूत थोडी फिरवली की आत एक जडपणा पसरतो, ठणका म्हणा, मुंग्या म्हणा, वेगळंच काहीतरी. चिनी भाषेत त्याला 'दे ची' म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी आतून अंगठ्याने दाबतंय. पाकीट माझ्यासमोर फोडलं, सुया एकदाच वापरून डब्यात टाकल्या. हे तुम्ही डोळ्यांनी बघायचं, विश्वासावर सोडायचं नाही.

कवटीच्या खाली, मानेच्या दोन्ही बाजूंना जे खळगे असतात तिथे दोन सुया. त्या जागेचं नाव फेंगची. खांद्यावर दोन. आणि मग हातावर! अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात एक. ती जागा गरोदर बायकांमध्ये टाळतात, त्यामुळे तसं काही असेल तर आधी सांगायचं. दुसरी हाताच्या पाठीवर, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या हाडांमध्ये. मी विचारलं, मान दुखतेय तर हात कशाला? तर या जागेचं नावच आहे 'लुओझेन'. त्याचा शब्दशः अर्थ होतो उशीवरून पडणं. सकाळी उठल्यावर मान धरलेली असते, त्या दुखण्याचंही चिनी भाषेत हेच नाव. मला हे फार आवडलं. म्हणजे शेकडो वर्षं आधीसुद्धा लोक वाकडी मान घेऊन उठत होते आणि उशीला शिव्या देत होते.

खांद्याची सुई टोचताना मात्र मॅडम एकदम गप्प व्हायच्या. स्नायू चिमटीत उचलून धरायच्या आणि सुई तिरकी, वरच्या वर. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुझ्या फुप्फुसाचं टोक कॉलरच्या हाडाच्याही वर येतं. तिथे सरळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठू शकते. हे फार क्वचित होतं, पण होतं. सुया घेतल्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छातीत दुखलं, दम लागला, तर 'उद्या बघू' करायचं नाही, सरळ हॉस्पिटल. बाकी मला झालं ते एवढंच: एकदा खांद्यावर हिरवानिळा डाग आणि दर वेळी घरी येऊन मेल्यासारखी झोप.

आता मी पडले इंजिनिअर. पहिल्या दिवसापासून शीट बनवली. रोज रात्री दुखण्याला ० ते १० मध्ये मार्क. सुरुवातीला सरासरी ६ च्या वर. पाच आठवड्यांत आठ सिटिंग झाल्यावर ३ च्या आसपास. मी खूश. टीममध्ये सगळ्यांना ग्राफ दाखवत फिरले.

पण एका सीनियरने एकच प्रश्न विचारला. 'याच काळात अजून काय बदललंस?' आणि माझा फुगा फुटला. कारण मी त्याच पंधरवड्यात लॅपटॉप स्टँड घेतला होता, वेगळा कीबोर्ड घेतला होता आणि मॅडमच्या धाकाने फिजिओचे व्यायामही परत सुरू केले होते. एकाच रिलीजमध्ये तीन फिक्स टाकले, बग गेला, आता कुठल्या फिक्सने गेला सांगा! वर आणखी एक गोष्ट. माणूस उपचाराला कधी जातो? दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. तिथून पुढे ते बऱ्याचदा आपोआपच थोडं उतरतं. श्रेय मात्र त्या आठवड्यात जे केलं त्याला मिळतं.

म्हणून मग मी अभ्यास वाचायला बसले. आणि इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. सुईची तुलना कशाशी करायची? गोळीची तुलना साखरेच्या गोळीशी करतात, ते सोपं आहे. खोटी सुई कशी देणार? तर जर्मनीत १९९८ च्या सुमाराला एक युक्ती निघाली. नाटकात सुरा भोसकतात तेव्हा पातं मुठीत सरकतं ना, तशी सुई. टोक बोथट, टोचल्यासारखं वाटतं, पण सुई आपल्याच मुठीत मागे जाते. पेशंटला कळत नाही खरी की खोटी.

असे बरेच अभ्यास एकत्र करून २०१२ साली एक मोठं विश्लेषण आलं. २९ चाचण्या, जवळपास १८ हजार माणसं. मान-पाठ, खांदा, गुडघा, डोकेदुखी अशी जुनी दुखणी. त्यातल्या संशोधकांनी समजावायला एक उदाहरण दिलंय, ते नीट ऐका. समजा सुरुवातीला सगळ्यांचं दुखणं १०० पैकी ६० आहे. ज्यांना सुया दिल्याच नाहीत त्यांचं काही काळाने ४३ वर येतं. ज्यांना खोट्या सुया दिल्या त्यांचं ३५. खऱ्या सुया दिलेल्यांचं ३०.

मी हे आकडे कागदावर लिहून पंख्याखाली बसले होते. ६० चे ४३ होतात ते काळाने आणि नेहमीच्या उपचाराने. पुढचे ८ कशाचे? कुणीतरी अर्धा तास ऐकून घेतलं, हात लावला, शांत झोपवलं, आपल्याला वाटलं की आता बरं होणार. आणि खऱ्या सुईचे म्हणून निव्वळ उरतात ५. काही लोक म्हणतात, बघा, सुईत काही नाही. काही म्हणतात, बघा, फरक आहे म्हणजे सिद्ध झालं. मला विचाराल तर ज्या माणसाची मान दुखतेय त्याला ४३ आणि ३० मधला फरक जाणवतो. तो नेमका कशामुळे, हा प्रश्न संशोधकाचा. पण मग 'शरीरातली ऊर्जा अडकली होती ती मी मोकळी केली' असं छातीठोकपणे सांगून हजारो रुपये घेणाऱ्याला हाच आकडा दाखवायला हवा.

फक्त मानेवरचा एक चांगला अभ्यास इंग्लंडमध्ये झाला, २०१५ साली छापून आला. ५१७ लोक, सगळे जुने दुखणेकरी, निम्म्यांना तर सहा वर्षं किंवा त्याहून जास्त त्रास. एका गटाला नेहमीचे उपचार अधिक अ‍ॅक्युपंक्चरच्या १२ बैठका, दुसऱ्याला अलेक्झांडर टेक्निकचे २० धडे, म्हणजे उठायचं-बसायचं-वावरायचं कसं ते शिकवणं, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. वर्षानंतर पहिल्या दोन्ही गटांचा त्रास सुरुवातीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी झाला होता. नुसत्या उपचारवाल्यांपेक्षा फरक मात्र १०० च्या मापावर जेमतेम ४ गुणांचा. सुया आणि नीट बसायला शिकणं यांचा निकाल जवळजवळ सारखा! म्हणजे माझ्या आईचं 'सरळ बस गं' हे अगदीच वाया गेलेलं नव्हतं.

सुई शरीरात करते काय, यावर एक-दोन धागे आहेत. आपल्याच शरीरातली वेदनाशामक रसायनं, एंडॉर्फिन, त्याने सुटतात असं १९७० च्या दशकापासून दिसत आलंय. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुई फिरवल्यावर त्या जागी अ‍ॅडेनोसिन वाढलेलं सापडलं. उंदीर आपल्याला मार्क देऊन सांगत नाहीत, पण 'बरं होणार' असा विश्वासही ठेवत नाहीत, म्हणून मला तो प्रयोग महत्त्वाचा वाटतो.

आता पप्पांकडे येते.

पप्पा ५९ वर्षांचे. उभा जन्म यंत्रमागावर गेला. मान त्यांचीही धरायची, पण ते बोलायचे नाहीत. मागच्या दिवाळीत घरी गेले तर बघते, चहाचा कप दोन्ही हातांनी धरलाय. म्हटलं काय झालं? 'काही नाही गं, बोटं जरा झोपलीयेत.' आई म्हणाली, हल्ली शर्टाची बटणं मीच लावते, यांना वेळ लागतो. आणि मी काय केलं? मी माझा ग्राफ दाखवला. चला पुण्याला, आठ सिटिंगमध्ये मोकळे व्हाल.

पप्पा तयार नव्हते. 'सुया टोचून काय होतंय? गोधडी आहे का मी?' मग मी आमच्या गावचं अस्त्र काढलं. म्हटलं, पप्पा, कोटणीसांच्या गावचा माणूस सुईला घाबरतो होय? आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. तिथेच १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी वारले. खरं तर ते सर्जन होते. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बसू यांनी, पुढे पुन्हा चीनला जाऊन शिकून आल्यावर. हे मला माहीत होतं, पण पप्पांना गाडीत बसवायचं होतं, त्यामुळे तेवढं तपशिलात शिरले नाही.

मॅडमनी पप्पांना बसवलं. नेहमीसारखे प्रश्न. अंधारात चालताना भिंतीचा आधार घेता का? पप्पा गप्प. मग म्हणाले, घेतो. मला हे माहीतच नव्हतं. मॅडमनी सांगितलं, मूठ मिटा-उघडा, जितकी जोरात जमेल तितकी, मी दहा सेकंद मोजते. साधारण माणूस वीस तरी करतो. पप्पांच्या झाल्या १३, आणि शेवटच्या दोन-तीन तर बोटं अर्धवटच उघडत होती. मग त्यांचं मधलं बोट धरून नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. मग एका पावलापुढे दुसरं लावून चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला मी धावत जाऊन धरलं.

मॅडमनी हातातलं पाकीट फोडलंच नाही. म्हणाल्या, 'काका, मी तुम्हाला सुई लावणार नाही. हे स्नायूचं दुखणं नाही. मानेत मज्जारज्जूवर दाब येतोय असं मला वाटतं. आज एमआरआय, उद्या स्पाइन सर्जन.' त्यांनी फी घेतली नाही. मी बाहेर येऊन जिन्यात बसले. लिफ्ट बंदच होती, पप्पा कठडा धरून एकेक पायरी उतरत होते आणि मी पहिल्यांदा बघत होते की ते कसे उतरतात.

दाब होताच. दोन ठिकाणी. तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं, गळ्याच्या पुढून. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं, जे बिघडत चाललंय ते थांबवायला हे ऑपरेशन, गेलेलं परत येईल ते बोनस. मला सारखं एकच येत होतं मनात. त्या पहिल्या ठिकाणी नेलं असतं तर? दहा सिटिंगचं पॅकेज म्हणजे दोन-अडीच महिने. पप्पांना मान दुखायची थोडीशीच, सुयांनी तीही कमी झाली असती कदाचित, आणि आम्ही म्हटलं असतं, वा, फरक पडतोय.

म्हणून मेसेज करणाऱ्या सगळ्यांना माझं उत्तर असं. नुसती मान-खांदा दुखतोय, डॉक्टरांनी तपासलंय, तर अनुभवी नोंदणीकृत माणसाकडे सहा-आठ वेळा करून बघायला माझी हरकत नाही. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही काही जुन्या दुखण्यांसाठी एक कोर्स करून बघायला वाव ठेवलाय. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. पण हातातून वस्तू पडतायत, बटण लागत नाही, अक्षर बदललंय, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा राहत नाही, ताप आहे, किंवा अपघातानंतर मान दुखतेय, तर सुई, मालिश, मान कडकड मोडणारा कुणी ओळखीचा, यातलं काही नाही. आधी डॉक्टर. आणि हे तुमच्यापेक्षा घरातल्या मोठ्यांमध्ये जास्त बघा. ते सांगत नाहीत. दहा सेकंदांची मूठ मोजायला फोनमध्ये टायमर आहेच.

माझी मान? रिलीजच्या आठवड्यात अजून धरते. व्यायाम केले तर कमी, टाळले तर जास्त. महिन्या-दीड महिन्यातून एकदा मॅडमकडे जाते. शीट बंद केली.

पप्पांच्या मुठी परवा १८ झाल्या, मोजल्या मी. अंधारात अजून भिंत लागते. मी त्यांना तीन टी-शर्ट आणून दिले, बिनबटणाचे. कपाटात तसेच पडलेत. रोज सकाळी खिडकीशी उभे राहून पाच मिनिटं बटणं लावतात, आईला हात लावू देत नाहीत.

चला, आज एवढंच. तुमच्या घरी मोजलेल्या मुठींचे आकडे मला पाठवा. भेटू पुढच्या भागात.